कानसेनचा फोन कशाने भरतो

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, आठ मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, कानसेनच्या फोनने त्या आठवड्यात तिसऱ्यांदा हात वर केले. कामाचा फोटो कंपनीच्या ॲपवर चढवायला गेला तर लाल पट्टी आली: जागा अपुरी आहे. हे होणं शक्यच नव्हतं. कारण गुरुवारी संध्याकाळीच त्याने जेवणाच्या टेबलाशी बसून फोन झाडूनपुसून रिकामा केला होता. बहिणीने रोज सकाळी पाठवलेली फुलं गेली, मेव्हण्याचे विनोद गेले, त्यांचं कुणाला सुतक नव्हतं. शेवटी मन घट्ट करून नातीने टाकलेल्या पहिल्या पावलांचा व्हिडिओही त्याने पुसला. रात्रभर ती जागा तशीच राहिली. सकाळी नऊला तो मशीन रूममध्ये शिरला, आणि दोन तासांत कुणीतरी ती भरून टाकली.

खोलीत तो एकटाच होता. इमारतीला दोन लिफ्ट. एक पार मोडीत निघालेली, तिचं नवं यंत्र बसवायला तो महिनाभर इथे रोज येत होता. दुसरी शेजारीच चालू होती आणि दोघींचा भार एकटीने ओढत होती. तिची मोटर घरघरत होती, दोर वरखाली सरकत होते. आणि हातातल्या फोनवर ठिपके उमटत होते. तीन ठिपके, जरा थांबून पुन्हा तीन. हे एक वेगळंच ॲप होतं. माणसांचं बोलणं ऐकून ते अक्षरांत लिहून दाखवायचं. कुणी बोलतंय पण शब्द कळत नाहीत, असं झालं की ठिपके टाकायचं.

म्हणजे खोलीत कुणीतरी बोलत होतं. कानसेनने मागे वळून पाहिलं. पॅनलच्या मागे डोकावला. दार उघडून गच्चीवर नजर टाकली. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, बाकी चिटपाखरू नाही. परत आत आला तर ठिपके चालूच. भिंतीला टांगलेल्या वहीत चालू लिफ्टची रोजची नोंद करायची असते. तिथे ‘आवाज’ या रकान्यात त्याने नेहमीसारखं ‘ठीक’ लिहिलं आणि तो जवळजवळ पळतच जिना उतरला.

आता लिफ्टच्या मेकॅनिकला असलं ॲप लागतं कशाला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एकोणतीस वर्षांपूर्वी, नोकरीला लागून महिना झाला नव्हता तेव्हा, चालत्या लिफ्टमध्ये त्याने छताकडे बोट दाखवून सांगितलं होतं, की वरच्या डाव्या कोपऱ्यातला बोल्ट सैल झालाय. जुने मेकॅनिक हसले. उघडून पाहिलं तर बोल्ट दोन आटे बाहेर आलेला. त्या दिवसापासून तो कानसेन झाला. इतर लोक मीटर लावायचे, हा लांब स्क्रूड्रायव्हर लावायचा. टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. शिकाऊ लोक आजूबाजूला श्वास रोखून उभे राहायचे आणि याला मनातून ते फार आवडायचं, हेही सांगून टाकलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी आधी शिट्ट्या गेल्या. मग पाखरं गेली. मग माणसांच्या बोलण्याची टोकं बोथट होऊन सगळे तोंडात घास धरून बोलताहेत असं वाटायला लागलं. ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लांबच्या भागात जाऊन त्याने कान तपासून घेतले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. अर्ध्यापर्यंत सपाट, पुढे सरळ खड्ड्यात. “जाड आवाज येत राहतील. बारीक गेले ते गेले,” त्या म्हणाल्या. यंत्र लावा म्हणाल्या, पण कानातलं यंत्र दिसतं. आणि कंपनीचा नियम सरळ होता: ऐकायला कमी येणाऱ्याने लिफ्टवर जायचं नाही, स्टोअरमध्ये बसायचं. नटबोल्टची खोकी लावायची. कानसेन, आणि खोकी लावणार.

त्याच दवाखान्यात बाकावर बसलेल्या एका आजीबाईंच्या हातात त्याने हे ॲप पाहिलं आणि घरी येऊन, जे जे विचारलं त्याला ‘हो’ दाबत, फोनवर घेतलं. तेव्हापासून फोन दिवसभर हातात नाहीतर शर्टाच्या खिशात, ॲप सकाळपासून चालू. लोक म्हणायचे, मामांना म्हातारपणी फोनचं वेड लागलं. लागू दे म्हणायचा. बायकोला वाटायचं, लग्नाला तीस वर्षं झाली की सगळ्याच नवऱ्यांचे कान असे होतात. मोटरचं बेअरिंग तो आता तळहाताने तपासायचा, थरथरीवरून. हात पोचेल तिथलं सगळं त्याला अजून कळत होतं. इतकी सफाई आली होती, की दोन वर्षांत कुणाला संशय आला नव्हता.

आणि आता हा फोन. पुसलं की भरतो. रोज भरतो, शनिवार-रविवारी मात्र शहाण्यासारखा गप्प. कामाच्या दिवशीच का? विचार करकरून कानसेन एका ठिकाणी येऊन अडकला होता. तीन आठवड्यांपूर्वी सुपरवायझर साहेबांनी कंपनीचं ॲप नवं करून देतो म्हणून फोन दहा मिनिटं नेला होता. तेव्हाच त्यात काहीतरी पेरलं असणार. कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवून होतं, मशीन रूममध्ये तो काय करतो, काय ऐकतो, काय ऐकत नाही, सगळं कुठेतरी साठत होतं. शुक्रवारी दुपारी साहेबांचा निरोप आला तेव्हा तर त्याची पाचावर धारण बसली. तुमचे फोटो येत नाहीत, सोमवारी फोन ऑफिसात जमा करा, कॉम्प्युटरवाले बघतील.

फोन दिला की ॲप दिसणार. ॲप काढून टाकावं तर त्या सोमवारी साहेबांशी बोलायचं कसं?

शनिवारी दुपारी बायको बहिणीकडे गेली होती, मुलगा कामावर होता. सून अर्धा दिवस करून घरी आली. ती एका तपासणी प्रयोगशाळेत रिपोर्टांच्या टेबलावर होती आणि पसाऱ्याची तिला जन्मजात चीड होती. कानसेनने ॲपचं चिन्ह कॅल्क्युलेटरच्या मागे एका कोपऱ्यात दडवलं, दहा वेळा खात्री केली आणि फोन तिच्यापुढे सरकवला. चार वर्षांची नात टेबलाखाली बसून कागद रंगवत होती.

“सारखा भरतो गं. बघ जरा. फोटो किती वेळा पुसायचे?”

“बाबा, फोटो म्हणजे रुमाल हो. रुमाल काढून कपाट मोकळं होतं का? गाठोडं दुसरंच असणार.” तिने सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या ॲपांची यादी काढली, सगळ्यात जड सगळ्यात वर. चिन्ह कुठेही दडवलं तरी वजन दडत नाही, हे कानसेनला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्याहून जास्त फोन एकाच ॲपने खाल्ला होता. तिने त्यावर बोट ठेवलं. ॲप चालूच होतं, आणि पडद्यावर शेवटची ओळ होती: गाठोडं दुसरंच असणार.

स्वतःचंच वाक्य तिने वाचलं. मग बोटाने वर सरकवत गेली. सासूबाईंचं ‘ऐकताय ना’, शेजाऱ्यांचं, मुलाचं, तिचं स्वतःचं, घरातला शब्दन् शब्द. कानसेन टेबलाच्या कडेकडे बघत बसला. सून उठली, टेबलाला वळसा घालून समोर आली आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आणून बसली.

“कधीपासून?”

“दोन वर्षं.”

“आईंना माहीत आहे?”

“कुणालाच नाही. तूही सांगू नको.”

तिने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला. मग शब्द वेगळे करून, सावकाश बोलली. “हे ॲप आवाजही जपून ठेवतंय, बाबा. घेताना तुम्ही सगळ्याला हो म्हटलं असणार. एकसारखी घरघर, पंखा, मोटर असलं ते गाळतं. बोलण्यासारखं काही वाटलं की ठेवतं. कुणी पाळत ठेवलेली नाही. हे एक बटण दाबलं की सगळं पुसलं जाईल, आणि पुढे ठेवू नको म्हणून सांगता येतं. मग सोमवारी ॲप काढून फोन द्या. मी साहेबांना तुमच्या वतीने मेसेज करेन, घसा बसलाय म्हणून. पुसू?”

कानसेनचा जीव भांड्यात पडला. ‘पूस’ म्हणायला त्याने तोंड उघडलंही. पण एकोणतीस वर्षांची खोड आडवी आली. फ्यूज का उडाला ते कळल्याशिवाय नवा घालायचा नाही, हे त्याने शिकाऊंच्या किती तुकड्यांना डोक्यात हाणून शिकवलं होतं.

“थांब,” तो म्हणाला. “दोन वर्षं हेच ॲप आहे. मग आत्ताच का भरतो? आणि मशीन रूममध्ये तर मी एकटा असतो. तिथे कोण बोलतं?”

सुनेने रेकॉर्डिंग तारखेने लावली. दोन वर्षं रोजचं थोडंथोडं होतं, माणसांच्या बोलण्याएवढं. तीन आठवड्यांपूर्वीपासून मात्र सकाळी नऊनंतर एक नवीन रेकॉर्डिंग दिसायला लागलं. पहिल्या दिवशी चार मिनिटं. मग अकरा. मग अर्धा तास, तास. काल शुक्रवारी पूर्ण दोन तास, फोन भरून ते तुटेपर्यंत. “यात अक्षरं काहीच नाहीत. नुसते ठिपके,” ती म्हणाली आणि कालचं लावलं.

तिचा चेहरा एकदम आंबट झाला. खांदे कानांपर्यंत गेले. टेबलाखालून नात बाहेर आली, दोन्ही कानांवर रंगाने माखलेले तळहात दाबून. “आजोबा, बंद कर ना ते,” तिच्या ओठांवरून त्याने वाचलं.

कानसेनला लांबून मोटरची घरघर आली. बाकी काही नाही. त्याने फोन उचलून कानाला लावला, आवाज शेवटपर्यंत वाढवला. घरघर. समोर दोघीजणी कान झाकून उभ्या, आणि याच्या कानाशी नुसती घरघर. इतकी भीती त्याला दोन वर्षांत वाटली नव्हती.

“कसा आहे?” त्याने विचारलं. “नीट सांग. घाई नको.”

“ताटावर चमचा ओढल्यासारखा. बारीक, कुईं असा.”

“सतत?”

“नाही. घासतो, थांबतो, घासतो. एका चालीत.”

“लिफ्ट धावताना जास्त, की थांबायच्या वेळी?”

तिने डोळे मिटून ऐकलं. एरवी तो जसे मिटायचा तसेच. “थांबायच्या वेळी. हळू होतो तेव्हा जास्त येतो.”

“आता पहिल्या दिवशीचं लाव. त्यात मधूनच टक् होतं का?”

“यात नाही.” तिने परत कालचं लावलं, पुढे सरकवलं. “यात आहे. शेवटी शेवटी तर दर फेऱ्याला आहे. बाबा, हे काय आहे?”

खालची पुली. मोटरच्या खाली, जमिनीच्या लाद्यांखाली, लोखंडी झाकणाआड एक पुली असते. दोर तिच्यावरून वळून लिफ्टकडे जातात. तिथे हात पोचत नाही, स्क्रूड्रायव्हर पोचत नाही. तिची खबर फक्त कानाने घ्यायची. लिफ्ट सिनेमातल्यासारखी धाडकन पडत नाही, एक दोर तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात, असं कानसेन लोकांना हसत हसत सांगायचा. पण बेअरिंगचा चुरा होऊन ती पुली आसावरून निखळली तर सगळेच दोर एकदम तिच्यावरून उतरतात, हे मात्र तो कुणाला सांगायचा नाही. तीन आठवडे ती पुली ओरडत होती. तीन आठवडे तिच्यापासून चार हातांवर उभं राहून त्याने रोज ‘ठीक’ लिहिलं होतं.

आणि त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर फिजिओथेरपीचा दवाखाना होता. गुडघे धरलेल्या लोकांचा दवाखाना सहाव्या मजल्यावर काढणाऱ्याच्या अकलेला कानसेन कित्येकदा हसला होता. शनिवारी तो संध्याकाळपर्यंत उघडा असायचा.

“स्कूटर काढ,” तो म्हणाला.

नातीला शेजारी सोडून ती दोघं निघाली तेव्हा चार वाजत आले होते. इमारतीच्या तळमजल्यावर तीन माणसं लिफ्टची वाट बघत होती, एकाच्या हातात कुबडी. सुनेने बंद दाराशी कान नेला आणि लगेच मागे घेतला. तिचा रंग उतरला होता. काही विचारायची गरज उरली नाही.

“चढू देऊ नकोस कुणाला,” कानसेन म्हणाला. “आहेत ते उतरले की दारात उभी राहा. आत पाय ठेवू नको, बॅग आडवी घाल. दार मिटू द्यायचं नाही. मी वरून बंद करतो.”

“इथूनच नाही का होत बंद?”

“अर्ध्यात बंद केली तर झटका बसतो. त्या पुलीला आता झटका नको.”

आठ मजले. छप्पन्न वर्षांची फुफ्फुसं. तिसऱ्या मजल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चौथ्यावर लिफ्टच्या दाराच्या उभ्या काचेतून एक उजेड खालून वर गेला आणि त्यात त्याला क्षणभर एक बाई दिसली, मधल्याच कुठल्या मजल्यावर चढलेली, वॉकर धरलेली, फोनवर हसत बोलणारी. सहाव्यावर दवाखान्याबाहेर दोघं उभे होते. “जिन्याने जा,” तो धापा टाकत म्हणाला. एकाने काहीतरी विचारलं, बंद पडली का असं असावं. “पडलेली नाही. म्हणूनच सांगतोय,” म्हणून तो पुढे गेला.

मशीन रूममध्ये सगळं कालच्यासारखंच होतं. मोटर घरघरत होती, दोर सरकत होते, वहीत त्याच्या अक्षरात ‘ठीक’ होतं. दोरांवर मजल्यामजल्याच्या खुणा पिवळ्या रंगाने केलेल्या असतात. तळमजल्याची खूण लाल पट्टीसमोर येऊन थांबली, की लिफ्ट खाली पोचली. कानसेनने एक हात मेन स्विचवर ठेवला आणि खुणांकडे बघत राहिला. त्या पुलीच्या झाकणावर तो उभा होता. बुटांच्या तळव्यांतून त्याला आता एक बारीक ठसठस जाणवत होती, किंवा भीतीनेच तसं वाटत होतं.

तळमजल्याची खूण आली. थांबली. त्याने मोजायला सुरुवात केली. तिसापर्यंत गेला आणि दोर पुन्हा हलले. सून कुठे होती? कुणी ढकलून आत शिरलं? खुणा सरकत होत्या, दोन, तीन, चार, आणि प्रत्येक खुणेला त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसत होते. पाच. सहा. लिफ्ट सहाव्यावर थांबली. आता कुणी बसू नका, बसू नका, असं तो मोठ्याने म्हणत होता, आणि ते त्याचं त्यालाही नीट ऐकू येत नव्हतं. दोर उलटे फिरले. सहा, पाच, चार. फार सावकाश. तळमजला. तो पुन्हा मोजू लागला. तीस. पन्नास. दोर हलले नाहीत. शंभरापर्यंत त्याने एकही आकडा गाळला नाही. मग स्विच खाली ओढला.

घरघर थांबली. झाकणाचे चार बोल्ट काढायला एरवी पाच मिनिटं लागतात. त्याला पंधरा लागली. टॉर्चच्या उजेडात आतली जमीन लाल-तपकिरी भुकटीने भरलेली दिसली. पुली एका बाजूला बोटभर कलली होती. सगळ्यात कडेचा दोर खाचेतून अर्धा बाहेर आलेला होता. कानसेन तिथेच खाली बसला. सून वर आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. एक आजोबा तिच्याशी भांडून तिच्या हाताखालून आत घुसले होते, असं तिने समोर बसून सांगितलं. मग कंपनीच्या तातडीच्या नंबरला तिनेच फोन लावला.

तासाभरात सुपरवायझर साहेब दोन माणसं घेऊन आले. तिशीचे, हुशार, एरवी कौतुक न करणारे. झाकणाच्या भोकात टॉर्च मारून त्यांनी बराच वेळ पाहिलं. उठले, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. कानसेनच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून, अगदी समोरून ते बोलले, त्यामुळे शब्दन् शब्द त्याला ओठांवरून कळला.

“मामा, सोमवारपर्यंत ही टिकली नसती. सुट्टीच्या दिवशी येऊन पकडलीत. तुमच्या कानाला तोड नाही.”

दोन्ही माणसं मान डोलवत होती. सून दारात उभी होती. तिच्या हातातल्या त्याच्या फोनमध्ये सगळी रेकॉर्डिंग तशीच होती आणि ती पुसायचं बटणही तिथेच होतं. कानसेनला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. हसलं नसतं तरी चाललं असतं.

त्याच्या यादीवर अशा अडतीस लिफ्ट होत्या. अडतीस झाकणं, अडतीस वह्या, प्रत्येकीत दोन वर्षांचं ‘ठीक’. त्यातली एक आईच्या हाताला धरून वर जाणाऱ्या मुलांच्या शाळेतली होती. एक तर त्याच्याच बहिणीच्या इमारतीतली.

साहेब पुन्हा भोकाशी वाकले. पाठ कानसेनकडे, डोकं आत. त्यांचा एक हात हलत होता, म्हणजे ते काहीतरी सांगत होते किंवा विचारत होते. दोन वर्षं अशा वेळी कानसेन खिशातून फोन काढायचा, नाहीतर ‘हो साहेब’ म्हणून मोकळा व्हायचा. त्याने भिंतीवरची वही काढली, आजच्या तारखेपुढे ‘आवाज’च्या रकान्यात ‘ठीक नाही’ लिहिलं, आणि जाऊन साहेबांच्या खांद्याला हात लावला.

“साहेब, इकडे तोंड करून बोला,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही.”